पॅरिसमधले संप, मोर्चे आणि अशांततेचे दिवस: नव्याने आलेल्या मराठी माणसांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिकायला, नोकरीला किंवा जोडीदारापाठोपाठ पॅरिसला आलेल्या आपल्या लोकांना पहिल्या वर्षातच कधीतरी हे दिवस पाहावे लागतात. मेट्रो बंद, चौकात निळ्या दिव्यांच्या गाड्यांची रांग, डोळे चुरचुरणारा वास आणि भारतातून येणारे घाबरे फोन. या शहरात बरीच वर्षं राहिल्यावर आणि २०१८ पासूनची सगळी मोठी आंदोलनं जवळून पाहिल्यावर मला जे समजलं, ते इथे प्रश्नोत्तरांच्या रूपात मांडलं आहे. घाबरण्यासारखं कमी आहे, पण माहीत असायला हवं असं पुष्कळ आहे.

टीव्हीवर पॅरिस जळताना दिसतं. खरंच इतकं वाईट असतं का?

जळणारी गाडी खरी असते, फुटलेली काच खरी असते. पण कॅमेरा त्या एका चौकात उभा असतो. १ डिसेंबर २०१८ला आर्क द त्रिऑम्फभोवती धुमश्चक्री चालली होती आणि स्मारकाच्या आत तोडफोड झाली. त्याच दुपारी तेराव्या किंवा चौदाव्या विभागात लोक पावासाठी रांगेत उभे होते. पॅरिसमधली अशांतता बहुतेक वेळा रस्त्यांपुरती आणि तासांपुरती असते. कोणता रस्ता आणि कोणता तास हे कळलं की निम्मी भीती जाते.

याला अपवाद असतात आणि ते गंभीर असतात. त्यांच्याविषयी पुढे लिहिलं आहे.

संप, मोर्चा, दंगल यांत फरक काय? मला तर सगळं एकच वाटतं.

हा फरक समजून घ्या, कारण बाकीची जवळजवळ सगळी उत्तरं त्यावरच अवलंबून आहेत.

पहिला प्रकार कामगार संघटनांचा. सीजीटी, सीएफडीटी, एफओ, सोलिदेर अशा संघटना तारीख जाहीर करतात. त्या दिवशी संप असतो आणि दुपारी मोर्चा निघतो. मार्ग आधीच छापून येतो. १९३५ सालापासूनच्या कायद्याने मोर्चाची सूचना पोलीस मुख्यालयाला किमान तीन दिवस आधी द्यावी लागते. २०२३च्या जानेवारीपासून निवृत्तीचं वय ६२ वरून ६४ करण्याच्या विरोधात जे चाललं, ते या प्रकारचं. संघटनांच्या गाड्या, वर मोठाले फुगे, गाणी, भाजलेल्या मेर्गेझ सॉसेजचा वास, आजी-आजोबा, खांद्यावर बसलेली पोरं. गडबड होते ती बहुधा मोर्चाच्या अगदी पुढे चालणाऱ्या काळ्या कपड्यांतल्या गटात, आणि संध्याकाळी शेवटच्या चौकात.

दुसरा प्रकार पिवळ्या जाकिटांचा. १७ नोव्हेंबर २०१८ला सुरू झालेलं हे आंदोलन इंधनावरच्या करवाढीतून पेटलं. गाडीत पिवळं जाकीट ठेवणं कायद्याने सक्तीचं असल्यामुळे ते प्रत्येकाकडे होतं, आणि तेच निशाण झालं. याला संघटना नव्हती, नेता नव्हता, अनेकदा जाहीर मार्गही नव्हता. दर शनिवारी लोक यायचे आणि कामगार मोर्चांच्या नेहमीच्या पूर्व पॅरिसऐवजी थेट श्रीमंत पश्चिम भागात, शाँझ-एलिझेवर जायचे. ८ डिसेंबर २०१८ला आयफेल टॉवर आणि लुव्र दोन्ही बंद ठेवावे लागले होते, आणि देशभर ८९ हजार पोलीस तैनात होते.

तिसरा प्रकार उपनगरांतल्या उद्रेकाचा. याला तारीख नसते, मार्ग नसतो, तो रात्री होतो. २७ जून २०२३ला नान्तेरमध्ये वाहतूक तपासणीच्या वेळी पोलिसाच्या गोळीने १७ वर्षांचा नाहेल मारला गेला आणि त्यानंतरचे अनेक दिवस देशभर रात्री पेटल्या. २००५च्या शरदात क्लिशी-सू-ब्वामध्ये पोलिसांपासून पळताना वीज उपकेंद्रात लपलेली दोन मुलं मरण पावली, तेव्हाही असंच झालं होतं आणि सरकारला आणीबाणी जाहीर करावी लागली होती.

या तिन्हींचा राग वेगवेगळा आहे, पण तो तुम्ही भारतीय आहात म्हणून तुमच्यावर काढलेला नसतो. ब्रिटनमध्ये २०२४च्या ऑगस्टमध्ये स्थलांतरितांना लक्ष्य करून दंगली झाल्या. ती गोष्ट निराळी होती. दोन्हींची गल्लत करून घरच्यांना घाबरवू नका.

म्हणजे इथला संप हा आपल्याकडचा 'बंद' का?

नाही. आपल्याकडे बंद म्हटला की दुकानदार शटर ओढतो, रिक्षा उभ्या राहतात, पोरं रस्त्यावर क्रिकेट खेळतात. इथे दुकानदाराला कोणी बंद करायला लावत नाही. संपाच्या दिवशीही काफे भरलेले असतात. जो संपावर आहे तो कामावर जात नाही, त्याचा त्या दिवसाचा पगार कापला जातो, बाकीचे आपापल्या कामाला जातात.

आणखी एक फरक आहे. मुंबईचा गिरणी संप १८ जानेवारी १९८२ला सुरू झाला आणि मोडेपर्यंत चालत राहिला. आपली एसटीही २०२१-२२मध्ये कित्येक महिने उभी होती. इथे बहुतेक संप एका दिवसाचा असतो. लांबणारा असेल तर कामगारांची सभा भरते आणि उद्याही चालू ठेवायचा का यावर मत घेते. म्हणून ‘हे कधी संपणार?’ या प्रश्नाला इथे कोणीच पैजेवर उत्तर देत नाही.

उद्या मेट्रो चालेल की नाही, हे कधी कळतं?

आदल्या दिवशी संध्याकाळी. २००७च्या कायद्यानुसार वाहतूक कर्मचाऱ्याला संपात जायचं असेल तर ४८ तास आधी कळवावं लागतं आणि कंपनीला प्रवाशांना २४ तास आधी सांगावं लागतं. त्यामुळे आरएटीपी (पॅरिसची मेट्रो-बस चालवणारी कंपनी) आणि एसएनसीएफ (फ्रेंच रेल्वे) यांच्या अॅपवर ‘तीनपैकी एक गाडी’, ‘फक्त गर्दीच्या वेळी’, ‘पूर्ण बंद’ अशी मार्गवार यादी येते. ती यादी विश्वासार्ह असते. व्हॉट्सअॅपवर फिरणारी नसते.

लक्षात ठेवायच्या गोष्टी:

मेट्रो १ आणि १४ चालकाविना चालतात, म्हणून संपातही त्या सुरू राहतात. ५ डिसेंबर २०१९ला सुरू झालेल्या दीड महिन्याच्या संपात शहराचा भार याच दोन मार्गांनी उचलला. आता ४ नंबरही पूर्ण स्वयंचलित आहे. घर शोधताना या तीनपैकी एका मार्गाजवळ मिळालं तर भाडं थोडं जास्त द्यायला हरकत नाही, हे माझं ठाम मत.

आरईआर बी या उपनगरी रेल्वेमार्गाचा उत्तरेकडचा भाग एसएनसीएफ चालवते आणि दक्षिणेकडचा आरएटीपी. संपात कधीकधी गाडी गार द्यु नोर स्थानकावर थांबते आणि पुढे जायला दुसरी पकडावी लागते. विमानतळावर जाणाऱ्यांनी हा वेळ धरावा.

मोर्चाच्या मार्गावरची स्थानकं पोलिसांच्या आदेशाने बंद होतात आणि गाडी न थांबता पुढे जाते. हे संपाचं बंद नव्हे, त्यामुळे ‘वाहतूक सुरळीत’ असं लिहिलेलं असतानाही तुमचं स्थानक बंद असू शकतं. घोषणा ऐका आणि एक स्थानक आधी किंवा नंतर उतरून चाला. पॅरिसमधली स्थानकं इतकी जवळ आहेत की फार तर दहा मिनिटं जातात.

मेट्रोच नाही तर ऑफिसला कसं जायचं? पगार कापतील का?

चालत किंवा सायकलने. शहर लहान आहे, एका टोकापासून दुसऱ्या टोकाला माणूस अडीच-तीन तासांत चालत जातो. वेलिब या भाड्याच्या सार्वजनिक सायकली संपाच्या दिवशी सकाळी आठपर्यंत संपतात, म्हणून लवकर निघा. पाऊस असेल तर घरून काम करण्याची परवानगी आदल्या दिवशीच ईमेलने मागून ठेवा.

वाहतूक संपामुळे उशीर झाला म्हणून सहसा शिस्तभंगाची कारवाई होत नाही. पण न केलेल्या तासांचा पगार देण्याचं बंधनही मालकावर नाही. आरएटीपीच्या संकेतस्थळावरून उशिराचा दाखला काढता येतो, तो काढून ठेवा. २०१९च्या डिसेंबरच्या संपानंतर त्या महिन्याच्या नॅव्हिगो या वाहतूक पासाचे पैसे परत मिळाले होते, पण त्यासाठी ठरावीक मुदतीत अर्ज करावा लागला. मोठा संप झाला की अशी घोषणा होते का, याकडे लक्ष ठेवा.

मोर्चा साधारण कुठून जातो?

रेप्युब्लिक, बास्तीय, नास्याँ या तीन चौकांच्या मधून. कधी प्लास दिताली, कधी दाँफेर-रोशरो. निघण्याची जाहीर वेळ बहुधा दुपारी दोनची, पण टोक हलायला तीन वाजतात आणि शेपूट पोहोचेपर्यंत अंधार पडतो. त्या मार्गावर राहत असाल तर दुपारी एकच्या आत भाजी-दूध आणून ठेवा, सायकल आत घ्या आणि संध्याकाळी सात-आठपर्यंत मोठ्या रस्त्याऐवजी मागच्या गल्ल्यांतून ये-जा करा. पोलिसांच्या अडथळ्यावर घरी जाऊ देत नसतील तर पत्ता दाखवणारं वीजबिल किंवा भाडेपावती कामी येते.

चालता चालता मध्येच अडकलो आणि अश्रुधूर सुटला तर?

पळू नका. पळणाऱ्या गर्दीत पडण्याचा धोका धुरापेक्षा मोठा आहे. वारा कुठून येतो ते पाहा आणि त्याच्या विरुद्ध किंवा आडव्या दिशेने भिंतीच्या कडेने चाला. डोळे चोळू नका. कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर हात स्वच्छ असताना काढून टाका. कोणत्याही औषधाच्या दुकानात खारट द्रवाच्या छोट्या प्लास्टिक कुप्या मिळतात, लहान बाळांचं नाक साफ करायला वापरतात त्या. दोन-चार पिशवीत ठेवा आणि त्याने डोळे धुवा. घरी गेल्यावर कपडे वेगळे धुवा आणि केस धुतल्याशिवाय उशीला डोकं टेकू नका. दमा असेल तर त्या भागात जाऊच नका.

मोठ्या आवाजात जमाव पांगण्याचा इशारा दिला जातो. तो झाल्यावर मुद्दाम तिथे थांबणं हा गुन्हा आहे, शिक्षा एक वर्षापर्यंत कैद आणि १५ हजार युरोपर्यंत दंड. ‘मी फक्त व्हिडिओ काढत होतो’ हे कारण पुरत नाही. रबरी गोळ्यांनी इथे लोकांचे डोळे गेले आहेत, हे विसरू नका आणि पोलीस व आंदोलक यांच्यामधल्या मोकळ्या जागेत कधीच उभे राहू नका.

मी परदेशी आहे. मोर्चात जाऊ शकतो का? व्हिसावर परिणाम होईल का?

जाहीर केलेल्या, बंदी नसलेल्या मोर्चात शांतपणे चालायला परदेशी माणसाला मनाई नाही. व्यक्त होण्याचं आणि एकत्र जमण्याचं स्वातंत्र्य फक्त नागरिकांसाठी नाही. हे ठामपणे सांगतो, कारण आपल्यातले बरेच जण ‘आपल्याला काय करायचंय’ म्हणत खिडकीतूनही पाहायला घाबरतात.

मात्र धोका सारखा नाही. फ्रेंच विद्यार्थ्याला पकडून सोडलं तर त्याची एक रात्र जाते. तुमचा निवास परवाना नूतनीकरणाला असतो, आणि ‘सार्वजनिक सुव्यवस्थेला धोका’ हे कारण देऊन प्रशासन तो नाकारू किंवा काढून घेऊ शकतं. जानेवारी २०२४च्या कायद्यानंतर परवान्यासाठी प्रजासत्ताकाची तत्त्वं पाळण्याच्या करारनाम्यावरही सही करावी लागते. म्हणून जायचंच असेल तर संघटनांच्या गाड्यांजवळ, मधल्या भागात चाला. पुढच्या टोकाला नको. अंधार पडायच्या आत निघा. बंदी घातलेल्या किंवा न कळवलेल्या जमावात जाऊ नका.

चेहरा झाकू नका. एप्रिल २०१९च्या कायद्याने मोर्चात गडबड होत असताना सबळ कारणाशिवाय चेहरा झाकणं हा गुन्हा आहे. थंडीत मफलर नाकावर ओढायची सवय असते, ती तेवढी आवरा. पोहण्याचा चष्मा, स्कीचा चष्मा, हेल्मेट, चाकू असलं काही पिशवीत ठेवू नका. ८ डिसेंबर २०१८ला पॅरिसमध्ये हजारांहून जास्त लोकांना ताब्यात घेतलं गेलं. त्यांतल्या अनेकांना मोर्चाला पोहोचण्याआधीच, पिशवीतल्या अशा वस्तूंमुळे पकडलं होतं.

पोलिसांनी रस्त्यात थांबवून कागद मागितले तर?

युरोपबाहेरच्या माणसाला राहण्याचा हक्क दाखवणारा कागद मागितल्यावर दाखवावा लागतो. निवास परवान्याचं मूळ कार्ड जवळ ठेवा. ते अजून आलं नसेल तर व्हिसा असलेला पासपोर्ट किंवा नूतनीकरणाची पोच. मोबाइलमधला फोटो मदतीला येतो, पण पोलिसाने तो मानायलाच हवा असं नाही. जवळ काहीच नसेल आणि ओळख पटत नसेल तर ठाण्यात चार तासांपर्यंत बसवता येतं. राहण्याचा हक्क तपासायचा असेल तर २४ तासांपर्यंत.

वागणं साधं ठेवा. आधी ‘बाँझूर’. हात दिसतील असे. खिशात हात घालण्याआधी सांगा. पोलीस ‘त्यू’ म्हणून एकेरीत बोलला तरी तुम्ही ‘व्हू’च म्हणा. प्रत्येक पोलिसाच्या गणवेशावर सात आकडी क्रमांक असायला हवा, तक्रार करायची झाल्यास तो लागतो. रस्त्यावर काम करणाऱ्या पोलिसांचं चित्रीकरण करणं बेकायदा नाही, पण अंतर ठेवून.

आता जे बोलायला जड जातं ते. आपल्या रंगाच्या तरुण मुलांना जास्त वेळा थांबवलं जातं. फ्रान्सच्या हक्करक्षक कार्यालयाने २०१७मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, काळे किंवा अरब दिसणाऱ्या तरुणांना थांबवलं जाण्याची शक्यता इतरांच्या वीसपट आढळली होती. पोलिसाला तुम्ही सांगलीचे की अल्जिअर्सचे हे चेहऱ्यावरून कळत नाही. ‘मी त्यांच्यातला नाही, मी भारतीय इंजिनिअर आहे’ असं म्हणून सुटायचा मोह होतो. तो टाळा. ते म्हणजे ज्याला रोज थांबवतात त्याच्याविषयीचा संशय आपणही मान्य करणं. कागद दाखवा, शांत राहा. अपमान झाला असेल तर हक्करक्षक कार्यालयाकडे लेखी तक्रार करा. ती विनामूल्य असते आणि परदेशी माणसालाही करता येते.

ताब्यात घेतलंच तर?

पोलीस कोठडी २४ तासांची, सरकारी वकिलाच्या परवानगीने आणखी २४ तास. पहिल्या क्षणापासून तुम्हाला वकील, दुभाषी आणि डॉक्टर मागता येतो, घरच्यांना, मालकाला आणि आपल्या वकिलातीला कळवायला सांगता येतं. वकील परवडत नसेल तर ठरवून दिला जातो. नाव-गाव सांगा, बाकी वकील येईपर्यंत गप्प राहण्याचा हक्क आहे. ‘ज न्ये रियँ आ देक्लारे’, म्हणजे मला काही सांगायचं नाही, एवढं वाक्य पाठ असू द्या. फ्रेंच बऱ्यापैकी येत असलं तरी दुभाषी मागाच. दुकानात बोलायचं फ्रेंच आणि जबाबाचं फ्रेंच यांत फार अंतर आहे. न समजलेल्या कागदावर सही करू नका.

भारतीय दूतावास सोळाव्या विभागात, र्‍यू आल्फ्रेद दओदांकवर आहे. त्याचा आणीबाणीचा फोन नंबर आजच कागदावर लिहून पाकिटात ठेवा, कारण कोठडीत मोबाइल काढून घेतात.

मी नोकरी करतो. मलाही संपावर जाता येतं?

हो. संपाचा हक्क राज्यघटनेतला आहे आणि तो पारपत्र पाहून मिळत नाही. खासगी कंपनीत देशव्यापी हाक असेल तर तुम्ही एकटेही जाऊ शकता आणि पूर्वसूचनाही लागत नाही. तेवढ्या वेळाचा पगार जातो, पण त्यावरून नोकरीवरून काढता येत नाही.

निवृत्तीच्या वयावरून एवढं रान उठवायचं? आणि मला त्याचं काय?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो, बहुतेक वेळा थोड्या तुच्छतेने. ‘आपल्याकडे माणसं सत्तरीतही राबतात.’ राबतात, आणि त्यात अभिमान वाटण्यासारखं काही नाही.

इथली पेन्शन ही आज काम करणाऱ्यांच्या पगारातून आजच्या वृद्धांना जाते. कष्टाची कामं करणाऱ्यांना, फरशी बसवणाऱ्यांना, रुग्णांना उचलणाऱ्या मदतनीसांना, पहाटे कचरा गोळा करणाऱ्यांना दोन वर्षं म्हणजे काय ते शरीराला कळतं. त्यातून १६ मार्च २०२३ला सरकारने घटनेतलं ४९.३ हे कलम वापरून लोकसभेसारख्या सभागृहात मतदान न घेताच विधेयक पुढे नेलं. चार दिवसांनी अविश्वास ठराव अवघ्या नऊ मतांनी फसला. लोक त्या रात्री वयासाठी जितके उतरले, तितकेच मत न विचारल्यासाठी उतरले. कायदा एप्रिलमध्ये जारी झाला आणि सप्टेंबरपासून लागू झाला, आणि ऑक्टोबर २०२५मध्ये नव्या पंतप्रधानांना ती वाढ पुढच्या अध्यक्षीय निवडणुकीपर्यंत थांबवण्याची घोषणा करावी लागली.

तुमचं काय, तर तुमच्या पगारपत्रकावर दर महिन्याला पेन्शनची कपात असते, ती बघा. भारत आणि फ्रान्समधला सामाजिक सुरक्षा करार जुलै २०११पासून लागू आहे. पुण्यातल्या कंपनीने तात्पुरतं पाठवलं असेल तर तुमचा भविष्यनिर्वाह निधी तिकडेच चालू राहतो आणि इथली कपात टळते. फ्रेंच कंपनीच्या करारावर असाल तर मात्र तुम्ही याच व्यवस्थेचे भागीदार आहात. रस्त्यावर चालणारा माणूस तुमच्याही पेन्शनविषयी बोलतो आहे.

मुलांची शाळा बंद असते तेव्हा?

प्राथमिक शाळेत संपावर जाणाऱ्या शिक्षकांना ४८ तास आधी कळवावं लागतं. शाळेतले चतुर्थांश किंवा अधिक शिक्षक संपावर असतील तर मुलांना सांभाळण्याची सोय पालिकेने करायची असते. शिकवणं होत नाही, पण मूल सुरक्षित असतं. जेवणघर बंद असेल तर डबा द्यावा लागतो. थालीपीठ, पराठा, काहीही चालतं, गरम करून मिळणार नाही एवढंच. पाळणाघरांची अशी हमी नाही. म्हणून वर्गातल्या दोन-तीन पालकांशी आधीच ओळख करून घ्या आणि मुलं आळीपाळीने सांभाळा. इथे शेजार जुळतो तो बऱ्याचदा अशाच दिवसांत.

कचरा आठवडेच्या आठवडे उचलला नाही तर?

मार्च २०२३मध्ये असंच झालं. सुमारे तीन आठवडे संप चालला आणि रस्त्यांवर दहा हजार टनांच्या आसपास कचरा साठला. इव्ह्री, इसी आणि सँत-ऊआँ इथली कचरा जाळणारी केंद्रंही अडवली होती. पॅरिसच्या वीसपैकी निम्म्या विभागांत पालिकेचे कामगार कचरा उचलतात आणि निम्म्यांत खासगी कंपन्या. त्यामुळे एका गल्लीत ढीग आणि पलीकडच्या गल्लीत स्वच्छ, असं चित्र होतं.

मासळीचा आणि मटणाचा कचरा बांधून फ्रीझरमध्ये ठेवा. काच आणि पुठ्ठा घरातच साठवा, त्याला वास येत नाही. पिशवी फुटपाथवर टाकली तर दंड होतो. ढिगांच्या शेजारी वाहन उभं करू नका, कारण रात्री सगळ्यांत आधी पेटतात ते हेच ढीग.

आम्ही उपनगरात राहतो. रात्री दंगल झाली तर काय करायचं?

ला देफाँस या कार्यालयांच्या भागात काम करणारे आपले बरेच लोक कुर्बव्हा, प्युतो, नान्तेर इथे राहतात. जून २०२३ची नाहेलची घटना नान्तेर-प्रेफेक्त्यूर स्थानकाजवळच्या चौकातली, ला देफाँसपासून आरईआर ‘ए’ने एका स्थानकावर. त्या आठवड्यात पॅरिस परिसरातल्या बस आणि ट्राम रात्री नऊनंतर बंद केल्या होत्या, काही गावांत रात्रीची संचारबंदी होती आणि देशभर ४५ हजार पोलीस उतरवले होते.

अशा दिवसांत ऑफिसातून लवकर निघण्याची परवानगी मागा. कारण सगळ्यांना माहीत असतं, कोणी नाही म्हणत नाही. गाडी शक्य तर तळघरात लावा किंवा मोठ्या रस्त्यापासून आणि कचऱ्याच्या डब्यांपासून दूर. खिडकीत उभं राहून चित्रीकरण करू नका. आग जवळ आली तर १८, वैद्यकीय मदतीला १५, पोलिसांना १७, भाषेची अडचण असेल तर ११२. ११२वर इंग्रजीत बोलणारं कोणी मिळण्याची शक्यता जास्त.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खाली उतरून शेजाऱ्यांशी बोला. त्यांचीच शाळा, त्यांचंच वाचनालय, त्यांचीच बस जळालेली असते. या वस्त्यांतल्या आया त्या रात्री पोरांना घरी ओढून आणत होत्या. त्यांना ‘दंगलखोरांची वस्ती’ म्हणणं अन्यायाचं आहे.

माझी गाडी जळाली. भरपाई मिळते का?

विम्यात आगीचं कलम असेल तर बहुधा मिळते, फक्त त्रयस्थ विमा असेल तर नाही. आधी पोलिसांत तक्रार, मग विमा कंपनीला पत्र, सर्वसाधारणपणे पाच कामकाजी दिवसांत. फोटो काढल्याशिवाय काही हलवू नका.

दवाखाने चालू असतात?

हो. रुग्णालयातले परिचारक आणि डॉक्टर संपावर असले तरी अनेकदा बाहीवर पट्टी बांधून काम करतात. औषधाची दुकानं क्वचित एकत्र बंद राहतात. तेव्हाही पाळीवरचं दुकान उघडं असतं. रोजच्या गोळ्या आठवडाभर पुरतील एवढ्या घरात असू द्या.

विद्यापीठ विद्यार्थ्यांनी अडवलंय. परीक्षा बुडाली तर परवाना जाईल का?

वर्ग रद्द झाला तर ती तुमची गैरहजेरी नव्हे. पण नूतनीकरणाच्या वेळी हजेरी आणि गुण पाहिले जातात, म्हणून परीक्षा पुढे ढकलल्याचा किंवा ऑनलाइन घेतल्याचा विभागाचा ईमेल जपून ठेवा. प्रवेशद्वारावर ढीग घालून बसलेल्या मुलांशी वाद घालू नका, बोला. त्यांतली बरीच मुलं तुमच्याच वर्गातली असतात आणि टिपणं त्यांच्याकडेच मिळतात.

अचानक भोंगे वाजले! काय झालं?

महिन्याचा पहिला बुधवार, दुपारचे बारा असतील तर काही नाही. ती चाचणी असते. १४ जुलैच्या आसपासचे आवाज फटाक्यांचे आणि सरावाला उडणाऱ्या विमानांचे.

आई-बाबा रोज घाबरून फोन करतात. त्यांना काय सांगू?

वेळेचं गणित आधी समजून घ्या. इथे उन्हाळ्यात रात्रीचे अकरा वाजतात तेव्हा तिकडे मध्यरात्रीनंतरचे अडीच. तुम्ही शांत झोपता, आणि ते सकाळी उठून चहाबरोबर तुमच्या शहरातली आग पाहतात. तुमचा फोन लागेपर्यंत तीन तास जातात. म्हणून झोपण्याआधी एक ओळ पाठवून ठेवा, ‘घरी आहे, जेवलो, इकडे शांत आहे’. एवढ्याने त्यांची सकाळ बदलते.

पॅरिसचा नकाशा त्यांना पाठवा आणि त्यावर तुमचं घर, ऑफिस आणि गडबडीचा चौक दाखवा. खोटं सांगू नका. ‘इथे काहीच नाही’ म्हणालात आणि त्यांनी बातमीत तुमच्याच वस्तीचं नाव ऐकलं, तर पुढे तुमच्या कोणत्याच शब्दावर त्यांचा जीव बसणार नाही.

याच आठवड्यात विमान आहे.

हवाई नियंत्रकांचा संप असेल तर नागरी विमान खातं कंपन्यांना काही टक्के उड्डाणं आधीच रद्द करायला सांगतं, बहुधा ओर्ली विमानतळावर जास्त. उड्डाण रद्द झालं तर पैसे परत किंवा दुसरं विमान यांतलं काय हवं ते निवडण्याचा हक्क तुमचा, शिवाय थांबावं लागल्यास जेवण आणि हॉटेल. वेगळी रोख भरपाई मात्र अशा संपात मिळत नाही. शार्ल द गॉलला जायला टॅक्सीचा दर ठरलेला असतो, त्याहून जास्त मागणाऱ्याच्या गाडीत बसू नका.

प्रेफेक्त्यूरमध्ये, म्हणजे निवास परवाने देणाऱ्या सरकारी कार्यालयात, परवान्याची भेट ठरली आहे आणि त्याच दिवशी संप आहे. जाऊ की नको?

जा. काहीही करून जा. महिनोन्‌महिने थांबून मिळालेली भेट चुकली तर पुन्हा रांग पहिल्यापासून. आदल्या संध्याकाळी वाहतुकीची यादी पाहा, चालत किंवा सायकलने जायचा मार्ग ठरवा, दोन तास लवकर निघा. दार बंद असेल तर दाराचा फोटो काढा, त्यात तारीख आणि वेळ दिसू द्या, आणि त्याच दिवशी ईमेल व नोंदणीकृत पत्राने कळवा की तुम्ही आला होता. जुना परवाना संपत आला असेल तर त्या पत्राची प्रत मालकालाही द्या, आणि मूळ प्रत फाइलमध्ये, पासपोर्टच्या शेजारी ठेवा.